टीव्ही आणि साउंडबारच्या खोक्यावरचे शब्द कसे वाचावेत

दसरा-दिवाळीच्या सुमारास नागपूरच्या सीताबर्डीतल्या कोणत्याही मोठ्या दुकानात गेलात, तर भिंतीवर ओळीने लावलेले तीस-चाळीस टीव्ही एकच चित्रफीत दाखवत असतात आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात शब्दांची एक पट्टी चिकटवलेली असते : ४के, एचडीआर, १२० हर्ट्झ, डॉल्बी, ४० वॅट. टीव्ही आणि ध्वनिवर्धकांच्या दुरुस्तीत माझी बरीच वर्षे गेली असल्यामुळे ओळखीतली माणसे खरेदीला जाताना मला सोबत बोलावतात, आणि दर वेळी माझ्या लक्षात येते की हे शब्द त्यांनी ऐकलेले असतात, पण त्यांचा अर्थ त्यांना कोणी नीट सांगितलेला नसतो. खोक्यावरचा जवळपास प्रत्येक आकडा खरा असतो, मात्र तो कोणत्या तरी अटीवर खरा असतो, आणि ती अट बहुतेक वेळा छापलेली नसते. म्हणून पुढे प्रत्येक शब्दाचा अर्थ सांगताना त्यामागची अट कोणती आणि ती दुकानात किंवा घरी कशी तपासायची, तेही सांगितले आहे.

बाजारात जाण्यापूर्वी घरी

टेप घेऊन दोन मापे घ्यावीत : बसण्याच्या जागेपासून पडदा येईल त्या भिंतीपर्यंतचे अंतर, आणि त्या भिंतीची मोकळी रुंदी. त्याशिवाय दोन गोष्टी कागदावर लिहून ठेवाव्यात. दुपारी खिडकीतला उजेड पडद्यावर थेट पडतो का, आणि उन्हाळ्यात कूलर कोणत्या खिडकीत लागतो. ही दुसरी नोंद पुण्या-मुंबईच्या माणसाला अनावश्यक वाटेल, पण नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि घरोघरी डेझर्ट कूलर दिवसभर चालतो. त्याचा आवाज आणि त्याची दमट हवा या दोन्हींचा टीव्हीशी संबंध येतो, तो पुढे सांगतो.

आकार आणि रेझोल्यूशन

टीव्हीचा आकार म्हणजे पडद्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरप्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर. ते सेंटिमीटरमध्ये छापलेले असते आणि इंचाचा आकडा त्याच्या सोबत येतो. '४३ इंची' म्हणून विकल्या जाणाऱ्या टीव्हीवर बहुधा १०८ सेंटिमीटर लिहिलेले असते. १०८ला २.५४ने भागले की साडेबेचाळीस इंच येतात. फरक लहान आहे, पण दोन टीव्हींची तुलना करताना सेंटिमीटरचाच आकडा धरावा.

रेझोल्यूशन म्हणजे पडद्यावर आडवे आणि उभे किती ठिपके, म्हणजे पिक्सेल, आहेत याची मोजणी. 'एचडी रेडी' लिहिलेल्या ३२ इंची टीव्हीत सहसा १३६६ गुणिले ७६८ ठिपके असतात, फुल एचडीत १९२० गुणिले १०८० म्हणजे सुमारे २१ लाख, आणि घरगुती ४केमध्ये ३८४० गुणिले २१६० म्हणजे सुमारे ८३ लाख. ४केमध्ये फुल एचडीच्या नेमके चौपट ठिपके असतात, हे विक्रेता सांगतो ते खरे आहे. चित्र चौपट स्पष्ट दिसेल, असा त्याचा अर्थ मात्र होत नाही, कारण येथे अट आहे ती अंतराची.

सर्वसाधारण निरोगी डोळा एका अंशाच्या साठाव्या भागाइतक्या कोनातले दोन ठिपके वेगळे ओळखू शकतो. त्याहून जवळजवळचे ठिपके त्याला एकच दिसतात. यावरून हिशेब केला तर एक सोपी रीत हाती येते. पडद्याचा इंचांतील आकार ०.१३ने गुणावा. जे उत्तर येईल तितक्या फुटांपेक्षा दूर बसणाऱ्याला फुल एचडीचे ठिपकेच सुटे दिसत नाहीत, त्यामुळे ४केचे जास्तीचे ठिपकेही त्याच्या डोळ्यांपर्यंत पोचत नाहीत. ४३ इंचासाठी हे अंतर सुमारे साडेपाच फूट, ५५ इंचासाठी सात फुटांच्या किंचित वर आणि ६५ इंचासाठी साडेआठ फुटांच्या जवळपास येते. तरुण, तीक्ष्ण डोळ्यांना यापेक्षा थोडे जास्त दिसते, पण चित्र फारसे बदलत नाही. आपल्या दिवाणखान्यात सोफा आणि भिंत यांत दहा फुटांचे अंतर असेल, तर ४३ इंची पडद्यावर फुल एचडी आणि ४के यांतला फरक ठिपक्यांमुळे दिसणार नाही. आता ४३ इंचांपासून पुढचे बहुतेक टीव्ही ४केच येतात, तेव्हा ४के टाळण्याचे कारण नाही. परंतु ८केसाठी वेगळे पैसे मोजण्याचे कारण त्याहूनही नाही. तेच पैसे मोठ्या आकारावर किंवा चांगल्या पॅनेलवर, म्हणजे प्रत्यक्ष चित्र दाखवणाऱ्या पडद्यावर, खर्च करावेत.

पॅनेल, उजळपणा आणि एचडीआर

दुकानात 'एलईडी टीव्ही' म्हणून जे मिळते, ते मुळात एलसीडी असते. मागून एलईडी दिव्यांचा प्रकाश येतो आणि पुढचा द्रवस्फटिकांचा थर तो कमी-जास्त अडवतो. क्यूएलईडी हासुद्धा एलसीडीच असतो, फक्त त्यात क्वांटम डॉट नावाच्या अतिसूक्ष्म कणांचा थर असल्याने रंग अधिक शुद्ध दिसतात. मिनी एलईडीत मागचे दिवे लहान आणि संख्येने पुष्कळ असतात, त्यामुळे पडद्याचे वेगवेगळे भाग वेगवेगळे मंद करता येतात. याला लोकल डिमिंग म्हणतात. ओएलईडी ही वेगळीच जात आहे. त्यात प्रत्येक ठिपका स्वतः प्रकाश देतो आणि बंद झाला की पूर्ण काळा होतो. नावे सारखी वाटल्यामुळे क्यूएलईडी आणि ओएलईडी यांची गल्लत करणारे ग्राहक मी नेहमी पाहतो, आणि किमतीतला फरक पाहता ही गल्लत महागात पडू शकते.

एलसीडीत पुन्हा दोन मुख्य प्रकार आहेत. व्हीए पॅनेलमध्ये काळा रंग जास्त गडद येतो. सर्वांत उजळ आणि सर्वांत गडद भागांचे गुणोत्तर, म्हणजे कॉन्ट्रास्ट, साधारण ३००० : १ किंवा त्याहून जास्त असते. आयपीएस पॅनेलमध्ये ते १०००: १च्या आसपास राहते, पण बाजूला बसलेल्या माणसाला रंग फिके दिसत नाहीत. खोक्यावर 'डायनॅमिक कॉन्ट्रास्ट' म्हणून लाखांतला आकडा असेल, तर तो सोडून द्यावा. एका क्षणाचा उजळपणा दुसऱ्या क्षणाच्या काळोखाशी ताडून तो काढलेला असतो, आणि पाहणाऱ्याला तर दोन्ही एकाच चौकटीत दिसावे लागतात. तपासण्याची रीत सोपी आहे. ज्या चित्रपटात पडद्याच्या वर-खाली काळ्या पट्ट्या येतात, त्यातला रात्रीचा प्रसंग लावायला सांगावा. पट्ट्या टीव्हीच्या काळ्या चौकटीत मिसळून जातात की राखाडी दिसतात, ते पाहावे. मग चार पावले बाजूला सरकून तेच चित्र पुन्हा पाहावे. घरात सगळे समोरच बसत असतील तर व्हीए घ्यावा, खोली रुंद असून माणसे कडेलाही बसत असतील तर आयपीएसचा विचार करावा.

एचडीआर, म्हणजे उजळ आणि गडद यांतले अंतर जास्त ठेवणारे चित्र, या शब्दामागची अट सर्वांत जास्त वेळा लपलेली असते. साधे चित्र सुमारे १०० निट उजळपणा धरून तयार केले जाते. निट म्हणजे एका चौरस मीटरमागे एक कँडेला इतका प्रकाश. एचडीआर चित्र तयार करताना बहुधा १०००, कधी ४००० निटपर्यंतचा उजळपणा गृहीत धरतात, आणि रंगाच्या पायऱ्याही वाढवतात : ८ बिटमध्ये प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, तर १० बिटमध्ये १०२४. संध्याकाळच्या आकाशात रंग सलग न उतरता पट्टे-पट्टे दिसतात, ते पायऱ्या अपुऱ्या पडल्यामुळे. 'एचडीआर सपोर्ट' याचा अर्थ मात्र इतकाच असतो की हा टीव्ही एचडीआरचा संदेश ओळखतो. २५० निटचा टीव्हीसुद्धा तो ओळखतो, पण त्याला तो दाखवता येत नाही, आणि अनेकदा चित्र उलट काळवंडते. म्हणून दुकानदाराला नेमके विचारावे : कमाल उजळपणा किती निट, लोकल डिमिंग आहे का, असल्यास किती भाग आहेत, आणि पॅनेल १० बिटचे आहे का. ६०० निटच्या खाली आणि लोकल डिमिंगशिवाय एचडीआरचे पैसे वेगळे देऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

एचडीआर१०, एचडीआर१० प्लस, डॉल्बी व्हिजन आणि एचएलजी ही त्याच गोष्टीची वेगवेगळी रूपे आहेत. एचडीआर१०मध्ये उजळपणाच्या सूचना पूर्ण चित्रपटासाठी एकदाच दिलेल्या असतात, डॉल्बी व्हिजन आणि एचडीआर१० प्लसमध्ये त्या प्रसंगागणिक बदलतात, तर ब्रिटनच्या बीबीसीने आणि जपानच्या एनएचकेने मिळून तयार केलेले एचएलजी प्रक्षेपणासाठी आहे.

दुपारचे ऊन खोलीत येत असेल, तर निटचा आकडा एचडीआर न पाहणाऱ्यासाठीही महत्त्वाचा ठरतो. ओएलईडीचे काळे रंग अंधारात अप्रतिम दिसतात, पण ज्या घरात सकाळपासून रात्रीपर्यंत एकच वृत्तवाहिनी सुरू असते आणि तिचे बोधचिन्ह व खालची सरकती पट्टी एकाच जागी राहते, त्या घरासाठी मी ओएलईडी सुचवत नाही. स्थिर चित्राचा कायमचा डाग उमटण्याचा धोका त्यात एलसीडीपेक्षा जास्त असतो.

हर्ट्झ

रिफ्रेश रेट म्हणजे पडदा एका सेकंदात किती वेळा नवे चित्र मांडतो, तो आकडा. खरा आकडा बहुधा ५०-६० किंवा १००-१२० असतो. 'मोशन रेट २००' अशा नावांनी छापलेले आकडे पडद्याचे नसून कंपनीने आपल्या प्रक्रियेला दिलेले असतात, म्हणून 'पॅनेलचा मूळ रिफ्रेश रेट किती' असेच विचारावे. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो. २४ने ६०ला पूर्ण भाग जात नाही, १२०ला जातो, म्हणून १२० हर्ट्झच्या पडद्यावर संथ सरकणारे दृश्य अडखळत नाही.

आपल्याकडच्या बहुतेक एचडी वाहिन्या १०८०आय या रूपात येतात. येथे 'आय' म्हणजे इंटरलेस्ड : सेकंदाला ५० अर्धचित्रे, एकदा विषम ओळी आणि एकदा सम ओळी. १०८०पीमध्ये सर्व ओळी एकदम येतात. नागपूरजवळच्या जामठ्याच्या मैदानावरचा क्रिकेट सामना घरी पाहताना चेंडूच्या कडा करवतीसारख्या दातेरी दिसल्या, तर ही अर्धचित्रे जोडण्याचे काम टीव्ही नीट करत नाही, असे समजावे. दुकानात चकचकीत चित्रफितीऐवजी पाच मिनिटे क्रिकेट लावायला सांगण्यामागे हेच कारण आहे.

तारा आणि खोबणी

मोठा टीव्ही घरी आणून त्याला जुन्या सेट-टॉप बॉक्सची पिवळी-लाल-पांढरी तार जोडलेली मी अनेक घरांत पाहिली आहे. पिवळ्या तारेतून साध्या, म्हणजे दृश्य ५७६ ओळींच्या चित्रापेक्षा जास्त काही येऊच शकत नाही. लाल आणि पांढरी तार अनुक्रमे उजव्या व डाव्या बाजूचा आवाज नेते. ४के टीव्हीवर चित्र पुसट दिसते, अशी तक्रार असेल तर सर्वांत आधी ही तार काढून एचडीएमआय, म्हणजे चित्र आणि आवाज एकत्र नेणारी तार, लावावी, बॉक्स एचडी आहे का ते पाहावे, आणि वाहिनीचे एचडी रूप आपल्या पॅकमध्ये घेतले आहे का ते तपासावे. हे तीनही जुळल्याशिवाय टीव्हीला दोष देऊ नये. टीव्ही कमी ओळींचे चित्र ताणून मोठे करतो, त्याला अपस्केलिंग म्हणतात. त्याने चित्र सुबक होते, पण मुळात नसलेला तपशील त्यात येत नाही.

एचडीएमआयचे क्रमांक म्हणजे मुख्यतः माहितीच्या वाटेच्या रुंदीचे माप. २.० या आवृत्तीत सेकंदाला १८ गिगाबिटपर्यंत माहिती जाते आणि ती ४के चित्राच्या सेकंदाला ६० चौकटींना पुरते, २.१मध्ये ही मर्यादा ४८ गिगाबिट आहे आणि ती ४केच्या १२० चौकटींसाठी, म्हणजे प्रामुख्याने व्हिडिओ गेमच्या कन्सोलसाठी लागते. येथली अट अशी की टीव्हीच्या चार खोबणींपैकी बहुधा एक-दोनच खोबणी पूर्ण क्षमतेच्या असतात. तार घेताना तिच्यावर 'प्रीमियम हाय स्पीड' किंवा 'अल्ट्रा हाय स्पीड' असे लिहिलेले पाहावे. पहिली १८साठी, दुसरी ४८साठी प्रमाणित असते. सोन्याचा मुलामा आणि जाड वेष्टण यांनी चित्र सुधारत नाही. दोन मीटरपर्यंतच्या अंतरासाठी साधी प्रमाणित तार पुरते.

एआरसी आणि ईएआरसी ही नावे साउंडबार, म्हणजे टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर, घेणाऱ्याने नीट समजून घ्यावीत. एआरसी २००९च्या एचडीएमआय १.४पासून आली. तिच्यामुळे ज्या तारेने चित्र टीव्हीत येते, त्याच तारेने टीव्हीतला आवाज उलट दिशेने साउंडबारकडे जातो. ईएआरसी ही तिची रुंद आवृत्ती असून तिच्यातून बहुवाहिनी आवाज, म्हणजे समोरच्या, मधल्या, मागच्या स्पीकरांसाठी वेगवेगळा असलेला आवाज, न दाबताही जाऊ शकतो. टीव्हीच्या मागे ज्या एका खोबणीवर 'एआरसी' किंवा 'ईएआरसी' असे छापलेले असते, तेथेच साउंडबार लावावा. शेजारच्या खोबणीत लावला तर आवाज येणारच नाही. मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'डिजिटल साउंड आउट' शोधून ते पीसीएमऐवजी ऑटो किंवा पास-थ्रू करावे. पीसीएमवर राहिले, तर साध्या एआरसी जोडणीत ५.१चा, म्हणजे आवाजाच्या पाच वाहिन्या आणि खर्जाचा सबवूफर असलेला, साउंडबारही केवळ दोन वाहिन्यांचा आवाज देत राहतो. ऑप्टिकल तार हा जुना, विश्वासू पर्याय आहे, पण तिच्यातून साधा डॉल्बी डिजिटल ५.१ जातो, वरूनही आवाज आल्याचा भास देणारा अ‍ॅटमॉस जात नाही. मी स्वतः एकदा अ‍ॅटमॉसचा साउंडबार विकत घेऊन कित्येक महिने तो ऑप्टिकल तारेवर चालवला, कारण टीव्हीत ईएआरसी नव्हती आणि खरेदी करताना मी ते विचारले नव्हते.

आवाज

टीव्ही पातळ होत गेले तसे त्यांचे स्पीकर लहान होऊन खालच्या किंवा मागच्या बाजूला तोंड करून बसले, त्यामुळे आवाजासाठी वेगळे साधन घेणे ही चैन राहिलेली नाही. खोक्यावरचे सर्वांत मोठे आकडे मात्र इथेच भेटतात, म्हणून येथे थोडे सावकाश जाऊ.

वॅट हा शक्तीचा आकडा आहे. आरएमएस वॅट म्हणजे संदेशाची शक्ती वाढवून स्पीकर वाजवणारा अ‍ॅम्प्लिफायर सलग देऊ शकेल ती शक्ती. पीएमपीओ हा एखाद्या क्षणाचा, सगळ्या वाहिन्या एकत्र मिळवून आणि आवाज कितीही फाटला तरी चालेल असे धरून काढलेला कल्पित आकडा असतो. तरुणपणी मी बर्डीवरच्या एका दुकानातून खोक्यावर '२००० वॅट पीएमपीओ' लिहिलेला संच मोठ्या आनंदाने घरी आणला आणि रात्री त्याच्या मागची पट्टी वाचली, तेव्हा त्यावर वीजवापर ३५ वॅट असा लिहिलेला होता. भिंतीतून ३५ वॅट घेणारे यंत्र त्याहून जास्त आवाजशक्ती सलग देऊ शकत नाही, हे मला त्या रात्री उमगले, आणि तेव्हापासून यंत्र उलटे करून मागची पट्टी वाचल्याशिवाय मी कोणालाही काही घेऊ देत नाही. जुन्या धाटणीचा एबी वर्गाचा अ‍ॅम्प्लिफायर घेतलेल्या विजेपैकी निम्म्याच्या थोडी वर वीज आवाजाकडे वळवतो; आजचे डी वर्गाचे अ‍ॅम्प्लिफायर ८० ते ९० टक्क्यांपर्यंत पोचतात. यावरून अंदाज बांधता येतो.

आरएमएसलाही अट असते. '१०० वॅट' या आकड्यासोबत किती ओहमवर आणि किती टीएचडीवर, हे दोन तपशील हवेत. टीएचडी म्हणजे मूळ ध्वनीत मिसळलेली विकृती. तोच अ‍ॅम्प्लिफायर १० टक्के विकृती चालेल असे धरले तर १०० वॅट दाखवतो, आणि १ टक्क्यावर त्याचा आकडा बराच खाली येतो. १० टक्के विकृती कानाला सरळ जाणवते. ओहम म्हणजे स्पीकर विजेला करतो तो विरोध. ४ ओहमचा स्पीकर ८ ओहमच्या दुप्पट प्रवाह ओढतो, म्हणून ज्या अ‍ॅम्प्लिफायरवर 'किमान ८ ओहम' असे लिहिले आहे, त्याला ४ ओहमचे स्पीकर जोडू नयेत. तो तापतो आणि जळूही शकतो.

आता सर्वांत उपयोगी गोष्ट. शक्ती दुप्पट केल्याने आवाज दुप्पट होत नाही, फक्त ३ डेसिबलने (डेसिबल म्हणजे आवाजाच्या पातळीचे माप) वाढतो, आणि इतकी वाढ कानाला जेमतेम जाणवते. आवाज दुप्पट वाटायला सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. ४० वॅटऐवजी ६० वॅटचा साउंडबार घेण्यासाठी चार हजार जास्त देणाऱ्याने हा हिशेब डोळ्यांसमोर ठेवावा. वॅटपेक्षा स्पीकरची सेन्सिटिव्हिटी जास्त बोलकी असते : १ वॅट दिल्यावर १ मीटर अंतरावर किती डेसिबल. ८५ डेसिबलच्या स्पीकरला १०० वॅट दिले तर १०५ डेसिबल मिळतात, आणि ९१ डेसिबलच्या स्पीकरला केवळ २५ वॅट दिले तरी तेवढेच मिळतात.

फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्सच्या, म्हणजे स्पीकर किती खालच्या स्वरापासून किती वरच्या स्वरापर्यंत वाजतो त्याच्या, ओळीत जवळपास सगळेच '२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ' छापतात, कारण माणसाच्या कानाची कक्षा तेवढी मानली जाते. त्यापुढे 'अधिक-उणे ३ डेसिबल' असे लिहिले नसेल, तर तो आकडा निरर्थक आहे. अडीच इंची स्पीकरमधून २० हर्ट्झ ऐकू येण्याइतके निघणे शक्य नाही. कानाने पारखायचे असेल तर ओळखीचे ध्वनिमुद्रण सोबत न्यावे. सिव्हिल लाइन्समधल्या डॉ. वसंतराव देशपांडे सभागृहात ज्यांनी मैफली ऐकल्या आहेत, त्यांना डग्ग्याची घुमक आणि तानपुऱ्याची सलग झंकार कशी असते ते ठाऊक असते. तीच चीज साउंडबारवर लावावी. डग्गा नुसता धपधप वाजत असेल आणि तानपुरा धुसर होत असेल, तर त्या सबवूफरने भारावून जाऊ नये.

२.१, ३.१, ५.१, ५.१.२ या आकड्यांत पहिला अंक समोरच्या, मधल्या आणि मागच्या वाहिन्यांचा, दुसरा सबवूफरचा आणि तिसरा वरच्या दिशेने आवाज देणाऱ्या स्पीकरांचा असतो. २.१ आणि ३.१ यांतला फरक कागदावर एका अंकाचा आहे, पण तो मधली वाहिनी देतो, आणि चित्रपटातले जवळपास सगळे संवाद तिच्यातून येतात. कूलर पूर्ण वेगावर असताना 'बोललेले कळत नाही आणि गाणे लागले की कान फुटतो' ही तक्रार नागपुरात दर उन्हाळ्यात येते. तिचे कारण डायनॅमिक रेंज, म्हणजे सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातले अंतर. चित्रपट शांत सभागृहासाठी मिसळलेला असतो. घरात कूलरची घरघर खालचा भाग गिळून टाकते. त्यावर दोन उपाय आहेत : मधल्या वाहिनीची पातळी स्वतंत्रपणे वाढवता येईल असा किमान ३.१चा साउंडबार, आणि 'नाइट मोड' नावाची सोय, जी मोठे आवाज दाबून हळू आवाज वर आणते. आमच्या हवामानात मी ५.१.२पेक्षा या दोन गोष्टींना अधिक महत्त्व देतो.

ब्लूटूथबद्दल थोडक्यात. ब्लूटूथवर आवाज दाबून पाठवला जातो आणि दाबण्याच्या पद्धतीला कोडेक म्हणतात : एसबीसी सर्वत्र चालतो, एएसी आणि एपीटीएक्स काही ठिकाणी, आणि एलडीएसी सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत जातो. सीडीचा न दाबलेला आवाज १४११ किलोबिटचा असतो, कारण सेकंदाला ४४,१०० वेळा, १६ बिटमध्ये, दोन वाहिन्यांसाठी तो मोजलेला असतो. कोडेक दोन्ही टोकांना असावा लागतो, नाहीतर जोडणी मुकाट्याने एसबीसीवर उतरते. गाण्यासाठी हे चालते. टीव्हीसाठी विलंब आड येतो. २०० मिलिसेकंदांचा विलंब ब्लूटूथवर सहज होतो, आणि तेवढ्या वेळात ध्वनी हवेतून सुमारे ७० मीटर जातो. म्हणजे घरात बसूनही फलंदाजाच्या बॅटचा आवाज जामठ्याच्या सीमारेषेवरून ऐकल्यासारखा उशिरा येतो. साउंडबार टीव्हीला तारेनेच जोडावा.

वीज आणि उष्णता

मागच्या पट्टीवर '१००–२४० व्होल्ट' असे लिहिले असेल, तर कमी दाबासाठी वेगळ्या स्टॅबिलायझरची गरज नसते. मान्सूनपूर्व वादळात कडकडणाऱ्या विजेची गोष्ट वेगळी आहे. तेव्हा प्लग आणि छतावरच्या डिशची तार, दोन्ही काढून ठेवावीत, कारण विजेचा झटका डिशच्या तारेतूनही आत येतो. बहुतेक माहितीपत्रकांत यंत्र ४० अंशांपर्यंतच्या तापमानात चालवावे असे लिहिलेले असते आणि आपल्या पश्चिमेकडच्या भिंती मे महिन्यात त्या मर्यादेला टेकतात. आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून ठेवणारे भाग, दर १० अंशांच्या वाढीमागे सुमारे निम्मे आयुष्य गमावतात, असा दुरुस्ती करणाऱ्यांचा ठोकताळा आहे. टीव्ही भिंतीपासून थोडा पुढे ठेवावा, वरच्या जाळीवर शोभेचे कापड घालू नये, आणि कूलरच्या थेट झोतात तर मुळीच लावू नये. त्या दमट हवेने सर्किटवर गंज चढलेले कितीतरी बोर्ड मी उघडले आहेत.

घरी आणल्यावर

खोके आणि पावती टाकण्यापूर्वी पडद्यावर एकेक करून पूर्ण पांढरा, काळा, लाल, हिरवा आणि निळा रंग लावून मेलेले ठिपके आहेत का ते जवळून पाहावे. टीव्ही सुरू करताना विचारले तर 'होम' निवडावे, 'स्टोअर' नव्हे. चित्राचा प्रकार व्हिविडवरून सिनेमा किंवा फिल्ममेकर मोडवर आणावा. पहिले दोन दिवस चित्र पिवळसर वाटेल, कारण दुकानातला निळसर पांढरा डोळ्यांत बसलेला असतो. मग तेच चित्र बरोबर वाटू लागते. शार्पनेस जवळपास शून्यावर न्यावा आणि चित्रपट पाहताना चौकटींमध्ये बनावट चौकटी घालणारी मोशन स्मूदिंगची सोय बंद करावी. क्रिकेटसाठी ती हवी वाटली, तर त्याच खोबणीपुरती सुरू ठेवावी.

साउंडबारची पातळी दिवाळीत शांत खोलीत जुळवलेली असते. एप्रिलमध्ये कूलर लागला की ती पुरत नाही. तेव्हा नाइट मोड सुरू करून मधली वाहिनी दोन-तीन डेसिबलने वर घ्यावी, आणि जूनमध्ये पाऊस पडून कूलर उतरला की ती पुन्हा मूळ जागी आणावी.